पालखी जुन्या वाडीतही थांबू दे

मावशी, सा. न.

मी कोकणातल्या, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीचा. कृपा करून गावाचं नाव छापू नका. जुलै २०२१ मध्ये डोंगर खाली आला आणि अर्धी वाडी गेली. माझे बाबा गेले, धाकटे काका गेले. काकांचा देह मिळाला, बाबांचा नाही. शोध थांबवायचा का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा होकार देणाऱ्यांत मीही होतो. मी त्या रात्री कामावर, डोंबिवलीला होतो. बाबांना खांदा देता आला नाही.

आता आम्ही रस्त्याला लागून बांधलेल्या वसाहतीत राहतो. घरं चांगली आहेत, पण कोणी कोणाच्या ओटीवर बसत नाही. तेव्हापासून गावात शिमग्याची पालखी निघालेली नाही. देऊळ वरच्या अंगाला होतं, ते वाचलं. यंदा पालखी काढायची का, यावर गावकीची बैठक आहे. तरुण म्हणतात काढू. काही म्हातारी माणसं म्हणतात, एवढी माणसं मातीखाली असताना ढोल कसले वाजवता? काहींचं म्हणणं, कोरोनाच्या वर्षी पालखी घरोघर फिरली नाही म्हणूनच देव कोपला.

आईचं वेगळंच. बाबांचं काहीच केलेलं नाही, दिवस नाहीत की वर्षश्राद्ध नाही. ती कुंकू लावते, मदतीच्या पैशाला हात लावत नाही, संध्याकाळी बाबांच्या भाकऱ्या थापते. काका-आत्या म्हणतात, उरकून टाका. मुंबईत मित्र म्हणतात, तुम्ही कोकणातली माणसं चिवट, उभे राहाल. मला बांबूच्या आधाराने उभं केल्यासारखं वाटतं. पालखीचं काय सांगू? आईचं काय करू?

— एक चाकरमानी, वय २७

*

बाळा,

पालखी काढा. हे आधीच सांगून टाकते, कारण बैठक तोंडावर आली आहे आणि तुला तिथे उभं राहून बोलायचं आहे. पण पालखी कशी काढायची, कुठे न्यायची आणि ते कोणी ठरवायचं, हे नीट बसून बोलायला हवं. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आपल्याकडे माणूस गेलं की दुःखाची कामं वाटलेली असतात. घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारची माणसं भाकरी-पिठलं आणतात. कोणीतरी समोर बसून कडू घास भरवतं, नको नको म्हटलं तरी दोन घास पोटात जातील असं बघतं. तिरडी कोणी बांधायची, मडकं कोणी धरायचं, कोणाला निरोप द्यायचे, हे कोणी कोणाला विचारत नाही. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे येतो, हात जोडतो आणि मोठ्यानं बोलतो. कोणी म्हणतं, धाकटीचं लग्न मी करून देईन. कोणी म्हणतं, म्हातारीला अंतर देणार नाही. लहानपणी मी हे बघायचे तेव्हा माझं सगळं लक्ष कावळ्याकडे असायचं. मोठी झाल्यावर बोलणाऱ्यांकडे बघायला लागले. मागे राहिलेल्यांची जबाबदारी कोणाची, हे तिथे नदीकाठी चारचौघांसमोर ठरत होतं, आणि एकदा तसं बोललेला माणूस पुढे दहा वर्षं त्या शब्दाला बांधला जात होता.

या सगळ्या रिवाजांनी एक गोष्ट धरून चाललेली असते. दहा घरांत एका घरी दुःख आलं, नऊ घरं उभी आहेत. तुमच्या वाडीत दहाही घरांतली चूल एकाच रात्री विझली. मग भाकरी कोणी आणायची? ट्रक आले, पाकिटं आली, कपड्यांचे ढीग आले. त्यावर माणसं जगली, त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण पाकीट देणाऱ्याला पुढच्या गावी जायचं असतं. तुझ्या बाबांचं नाव त्याला माहीत नसतं. तुमच्या वाडीला कडू घास भरवायला कोणी बसलंच नाही. तुझ्या पत्रातून मला हेच सगळ्यात जास्त ऐकू आलं.

किल्लारीकडे हे फार मोठ्या आकारात घडलं. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी, पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं जपलेली ती घरं झोपलेल्या माणसांवर पडली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यात पाऊस लागला. घरांचीच लाकडं काढून सामुदायिक चिता रचल्या. त्या भागात लिंगायत समाज मोठा आहे, त्यांच्यात माणसाला माती देतात. ज्यांच्या घरात कधी कोणाला अग्नी दिला नव्हता, त्यांचीही माणसं त्या चितांवर गेली. दुसरा इलाज नव्हता. पण आपल्या माणसाचं नीट केलं नाही ही बोच इलाज नव्हता म्हणून जात नाही. शोध थांबवायला हो म्हणालास तेव्हापासून तुझ्या मनात तीच आहे.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली. रुंद सरळ रस्ते, एका मापाची घरं एका ओळीत. घरं भक्कम होती, नियत चांगली होती. पण चुलत्याची जमीन सात हेक्टरांहून जास्त आणि पुतण्याची थोडी, म्हणून दोघं गावाच्या दोन टोकांना गेले. जुन्या गल्लीत दाराला दार होतं, ते गेलं. मी त्या भागात एका नव्या गावी गेले होते तेव्हा एक आजी रोज दुपारी कुलूप लावून, परातीत डाळ घेऊन, पाऊण गाव ओलांडून जुन्या शेजारणीच्या ओट्यावर निवडायला येऊन बसायच्या. घर पक्कं आहे, पण हाक पोचत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. त्या पुन्हा पुन्हा उन्हातून येत होत्या. म्हणून तुमच्या वसाहतीत कोणी कोणाच्या ओटीवर बसत नाही याचा अर्थ माणसांची मनं मेली, असा लावू नकोस. जुन्या वाडीत येता-जाता ओटी लागायची. इथे मुद्दाम उठून जावं लागतं, आणि दुःखात असलेल्या माणसाला तेवढंच जमत नाही.

म्हणून मला पालखी हवी आहे. कोकणात वर्षातून एकदा देव स्वतः उठून प्रत्येकाच्या दारात येतो. श्रीमंत-गरीब, भांडलेला-न भांडलेला, कोणाचंही दार तो टाळत नाही. पालखीच्या मागे सगळं गाव त्या अंगणात शिरतं, मग चार वर्षांत ज्याच्या घरी पाऊल टाकलं नाही त्याच्याही घरी शिरावं लागतं. वसाहतीसाठी असं दुसरं काही करायचं म्हटलं तर मला सुचणार नाही.

पण मार्ग बदला. पालखी देवळातून निघाली की आधी जुन्या वाडीवर न्या. पावसाळा नाही, फाल्गुन आहे, जागा तपासून जाता येईल. तरीही तलाठ्याला आणि पंचायतीला आधी विचारा, कड अजून सैल असेल तर खालच्या सपाटीवर थांबा. जिथे घरं होती त्या जागा तुमच्या म्हाताऱ्यांना वितावितानं माहीत असतील. तिथे एकेका घरापाशी पालखी टेकवा. ढोल थांबवा. गाऱ्हाणं घालणारा रखवालीसाठी, पाऊसपाण्यासाठी गाऱ्हाणं घालतो, त्यातच गेलेल्या एकेकाचं नाव घेऊ दे. लहान पोरांचीही नावं घ्या, आडनावासकट. यादी आधी लिहून काढा, घाईत एखादं सुटलं तर त्या घराला ते जन्मभर लागेल. सगळी नावं झाली की ढोल पुन्हा सुरू करा आणि वसाहतीत या. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणंही यात राहतं, मातीखालच्यांना ओलांडून कोणी नाचत नाही.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण तुला आठवत असेल. ३० जुलै २०१४ ला तिथेही डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. रोजची एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. नवं गाव आमडे इथे वसलं, पण ३० जुलैला माणसं जुन्या जागी जमतात, स्मृतिस्तंभापाशी फुलं वाहतात. शासनानं तुम्हाला दिलेल्या जागेत देवळाचा कोपरा असेल, समाजमंदिर असेल, पण जुन्या जागेशी नातं तोडून टाकू नका. तिथे वर्षातून एकदा जायचं ठरलेलं असलं की बाकीचे दिवस माणूस नव्या जागी राहू शकतो.

आणखी एक कर. तुमच्या देवीची बहीण किंवा भाऊ मानलेला देव शेजारच्या गावात असेलच. कोकणात पालख्यांची भेट होते ती याच नात्यानं. त्या गावकीला निरोप पाठवा की यंदा तुमची पालखी आमच्याकडे येऊ दे, आणि येताना भाकरी आणा. भाकरी हा शब्द वापरायला लाजू नका. घरी दुःख झालं की सोयरे टोपी-टॉवेल घेऊन दुखवटा काढायला येतात, तसं एका गावानं दुसऱ्या गावाचा दुखवटा काढायला यावं. तुमच्या दहा घरांत उभं घर राहिलं नव्हतं, तर उभी घरं शेजारच्या गावातून येतील. ते दुपारी तुमच्या ओट्यांवर जेवायला बसले की तुमची माणसंही बसतील.

देव कोपला म्हणणाऱ्यांशी वाद घालू नकोस. कारण शोधणारं मन फार दुखावलेलं असतं. फक्त शांतपणे विचार की २०२१ च्या शिमग्यात निर्बंध सगळ्या कोकणावर होते, शेकडो गावांच्या पालख्या घरोघर फिरल्या नाहीत, मग डोंगर आपलाच का आला? त्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. उतारावरची माती पाण्यानं भरली की तिचं वजन वाढतं आणि खालच्या खडकावरची पकड सुटते. हे गावात एकदा सोप्या भाषेत बोललं गेलं पाहिजे, कारण देव कोपला म्हटलं की पुढचा प्रश्न नेहमी कोणाच्या पापानं असा येतो. मग बोट एखाद्या विधवेकडे, एखाद्या नव्यानं आलेल्या सुनेकडे जातं. मी हे पाहिलं आहे आणि त्या बायकांचे चेहरे विसरलेले नाही.

बायकांवरून आठवलं. तुझ्या पत्रात गावकीची बैठक आहे, तरुण आहेत, म्हातारी माणसं आहेत, बाई एकही नाही. त्या बैठकीला वाडीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं गेलं पाहिजे. जी रूढी आपल्याला सांभाळते तीच कोणाला तरी दाराबाहेर उभं करते, हे मान्य केल्याशिवाय मी तुला रिवाजांचं कौतुक सांगू शकत नाही. विधवेनं देवीची ओटी भरायची नाही म्हणतात. डोंगरानं ज्यांचे नवरे नेले त्या सगळ्या बाजूला उभ्या राहिल्या तर पालखीला ओवाळणार कोण? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मागोमाग राज्य सरकारनं तसं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं. तुम्ही काही जगावेगळं करणार नाही. यंदा प्रत्येक दारातली बाई ओटी भरेल, एवढंच बैठकीत ठरवून टाका. किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. ज्या कधी चावडीवर चढल्या नव्हत्या त्या सिमेंटच्या गोण्या मोजायला लागल्या. पुढे २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिथे गेल्या, कच्छी बायकांशेजारी बसल्या. त्यांची भाषा वेगळी, नेसणं वेगळं, पण घर पडलेल्या बाईला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही हे त्यांना माहीत होतं. चिवट हा शब्द मी त्यांच्यासाठीही वापरणार नाही. त्यांना काम मिळालं, सोबत मिळाली, त्यांचं म्हणणं कोणीतरी ऐकून घेतलं. तुझ्या मित्रांना सांग की मी चिवट आहे की नाही ते राहू द्या, शिमग्याला चार दिवस सुट्टी काढून माझ्यासोबत गावी चला.

आता आई.

तिला उरकायला लावू नका. काका-आत्यांना माझ्या नावानं सांग. इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये दरड आली, २७ देह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. तळियेतही तुमच्याच त्या महिन्यात कितीतरी मिळाली नाहीत. या घरांमधून आज तुझ्या आईसारख्या बाया भाकऱ्या थापत असतील. एरवी कायदा बेपत्ता माणसाला मृत मानायला ७ वर्षं थांबतो. आपत्तीत सरकार लवकर दाखला देतं, कारण मदत अडकू नये. ते योग्यच आहे. पण बाईला वाटतं की त्या कागदावर सही करून आपणच त्याला मारलं. पैसे तिच्या नावावर मुदत ठेवीत राहू दे. त्याला बाबांच्या जिवाची किंमत म्हणू नका, तसं कोणी म्हणत असेल तर थांबवा.

आपल्या जुन्या लोकांना हा प्रश्न पडला होता. देह न मिळालेल्या माणसासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या पानांचे ३६० देठ मांडून माणसाची आकृती करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि तिला अग्नी देतात. यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. ज्याचा असा विधी झाला तो माणूस पुढे जिवंत परत आला तर काय करायचं, हेही शास्त्रकारांनी लिहून ठेवलं आहे. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं आणि जातकर्मापासून सगळे संस्कार नव्यानं करायचे, जणू आज जन्मला. म्हणजे विधी केला तरी दार बंद होत नाही. आईची भीती नेमकी तीच असेल, की आपण केलं आणि ते आले तर? एका संध्याकाळी, भाकऱ्या चालू असताना, तिच्याशेजारी बसून तिला हे सांग. फक्त सांग. कर म्हणू नकोस. ती वर्षानं हो म्हणेल, कदाचित कधीच म्हणणार नाही. तोवर ती थापते ती भाकरी तू खा.

कुंकवावर कोणालाही बोलू देऊ नकोस. ते तिचं आहे, बाबांच्या आधीपासून तिच्या कपाळावर आहे.

आणि तिला बोलू दे. माझी आजी पुण्याला नारायण पेठेत राहायची, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तिचं घर पाण्यात गेलं. पुढे तीस वर्षं तिनं तीच हकिकत त्याच क्रमानं सांगितली. तांदळाचा डबा, मग पाळणा, मग शेजारच्यांची गाय. आम्ही मुलं उठून जायचो. आज मला त्याची फार लाज वाटते. कोणी सांगणारा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल तर त्याला ते कुठेतरी ठेवायला जागा हवी असते. तुझ्या आईनं त्या रात्रीचं शंभरदा सांगितलं तर शंभरदा ऐक, आणि मध्ये 'हे माहीत आहे' म्हणू नकोस.

एक गोष्ट मात्र घरावर आणि देवावर सोडून चालणार नाही. आई जेवेनाशी झाली, रात्रीमागून रात्री झोपेना, मला पण न्या असं बोलायला लागली, किंवा वाडीतला कोणी दारूत बुडत चालला असेल, तर डॉक्टर हवा. १४४१६ हा टेली मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तू स्वतःही लाव. पालखी आणि डॉक्टर यांतून एक निवडावं लागत नाही.

राहिलास तू. त्या रात्री डोंबिवलीला होतास हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास, पण पत्र सगळं त्याच ओळीभोवती आहे. तू तिथे असतास तर काय झालं असतं हे तुलाही माहीत आहे. तरी मन ऐकत नाही, आणि ऐक असं मी सांगणार नाही. बाबांना खांदा देता आला नाही, हे खरंच आहे.

देवळाकडून जुन्या वाडीवर जाताना कुठेतरी चढ असेल. चढाला पालखी जड होते, तिथे खांदेकरी बदलतात. बैठकीत तुझं बोलून झालं, सगळं ठरलं, की शेवटी मानकऱ्यांना सांगून ठेव: देऊळ सोडल्यापासून आमच्या घराच्या जागेपर्यंत पुढचा खांदा माझा.

तुझी,
मावशी